अकरा सेकंदांची कॉफी

१

फक्त ऐक, भाविका. मधे बोलू नको, फोन उलटा ठेव आणि ऐक. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. डिंपलताईलापण नाही, आणि कॅफे तिचा आहे, मला पाठवलं तिनेच.

मागच्या महिन्यात, भर मेमध्ये, आमच्या कॅफेच्या नंबरवर जर्मनीतून फोन आला. हितेंद्र नाव. एकदम सभ्य आवाज, मोजून बोलणारा. म्हणाला, "जळगावात एस्प्रेसो मशीनमधलं कळणारं कोणी आहे का?" डिंपलताईने फोन सरळ माझ्या हातात दिला. म्हणाली, "ही ऋतिका. हिला कॉफीशिवाय दुसरं काही कळतच नाही." कौतुक होतं की टोमणा, देव जाणे.

तर हा सांगायला लागला. वडील एकटे राहतात, नशिराबादच्या रस्त्याला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा याने वडिलांना घरगुती एस्प्रेसो मशीन पाठवलं. रोज साडेअकराला ते कॉफी करतात. तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, हापण करतो. व्हिडिओ कॉल लावून दोघं पितात. हा विचारतो, आज किती सेकंद? ते सांगतात, अठ्ठावीस. छान, म्हणतो. फोन ठेवतात.

आता तुला कळावं म्हणून सांगते. अठरा ग्रॅम पूड हँडलमध्ये भरायची, दाबायची, बटण दाबलं की पंचवीस-तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम कॉफी खाली यायला पाहिजे. मधासारखी, हळू. त्यापेक्षा लवकर आली तर पाणी पुडीला नुसतं शिवून जातं. पिवळट, आंबट, पातळ पाणी.

"गेले सोळा-सतरा दिवस अकरा सेकंदात येतेय," हितेंद्र म्हणाला.

मी लगेच म्हटलं, "जाड दळली जात असेल."

"ग्राइंडर पाचवर आहे. रोज कॅमेऱ्यात बघतो."

"मग पूड कमी पडत असेल."

"वजनकाटापण बघतो. अठरा. दाबतात तेही बघतो. बीन्स शिळे असतील म्हणून नवीन पाकीट पाठवलं, तरी अकरा."

भाविका, मला काय मजा वाटली माहितेय का. सगळं कॅमेऱ्यासमोर, सगळं बरोबर, आणि कपात पाणी.

मग म्हणाला, "मशीन बिघडलंय का तेवढं बघून सांगा. बिघडलं असेल तर दुसरं पाठवतो. ठीक असेल तर पप्पांचंच काहीतरी चुकतंय. विसरतायत ते. मी दोन जूनला येतोय. पुण्यात ज्येष्ठांसाठी एक जागा आहे, तिथे रूम धरून ठेवलीय. शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. तुम्ही सांगाल त्यावर ठरवतो."

त्या दिवशी गुरुवार होता. मजा वगैरे तिथेच संपली.

२

शुक्रवारी सकाळीच गेले. तो रस्ता तुला माहितीच आहे. आत वळलं की दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेल्या लोकांची एक सोसायटी. एका ओळीत अकरा घरं, मी मोजली, त्यातल्या आठांना कुलूप. गेटवरच्या पाट्या बघ तू, एकेकाच्या नावापुढे डिग्र्या, आणि आत पेपरवाल्याने टाकलेले पेपर ओट्यावर पिवळे पडलेले. एकपण माणूस नाही. ऊन असं की स्कूटी साइड-स्टँडला लावली तर स्टँड डांबरात रुतला.

जीवराम नाना गेटशीच उभे होते. बहात्तर वर्षांचे. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, खिशाला दोन पेनं. तीस वर्षं विजेच्या कारखान्यात मीटर-गेज सांभाळलेला माणूस.

"ये बेटा. तू मशीनची डॉक्टर का?"

"हो नाना."

"पेशंट आत आहे. मला काही झालेलं नाही," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

घर असं स्वच्छ की पाय ठेवायला भीती वाटावी. दोन खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर मशीन. एका खुर्चीची गादी बसून बसून दबलेली आणि दुसरीची कोरी करकरीत. बाजूला वही. वही म्हणजे काय सांगू, लॉगबुकच. तारीख, ग्राइंडरचा आकडा, किती पूड, किती कॉफी, किती सेकंद. रोजची एक ओळ, दोन वर्षं, एक दिवस खाडा नाही. शेवटी एक कॉलम होता, त्याला वर नावच नव्हतं. नुसते आकडे, चार, तीन, पाच, तीन. मी विचार केला असेल काहीतरी, आणि सेकंदांसाठी म्हणून त्या पानाचा फोटो काढून घेतला.

पाच मेपर्यंत सगळं अठ्ठावीस, सत्तावीस, एकोणतीस. सहा मेला अकरा. आणि मग अकरा, बारा, अकरा. चौदा तारखेपुढे लिहिलं होतं 'नवीन पाकीट', तरी अकरा.

साडेअकराला नानांनी फोन स्टँडला लावला. हितेंद्र दिसला. मागे त्याचं स्वयंपाकघर, त्यातपण एकच खुर्ची.

"पप्पा, ग्राइंडर दाखवा. हं. काटा दाखवा. हं. आता दाबा, वाकडं नको."

आणि नाना करतायत. अगं, हात काय हात. मी दिवसाला सत्तर-ऐंशी शॉट काढते, पण इतकी सपाट पूड माझी दाबली जात नाही. बटण दाबलं, आणि सर्रकन पाणी. अकरा सेकंद.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "काय भो जीवराम, आज पण जळकं पाणी का?" शेजारचे लोटनभाऊ. बनियन, खांद्यावर टॉवेल. दीपनगरला दोघं बरोबरच होते. "आमचा चहा बघ, सेकंदं मोजावी लागत नाहीत. उतू गेला की झाला."

"तू बस," नाना म्हणाले. "आणि ग्राइंडरला हात लावू नको."

"एकदा फिरवला होता हो मी तो खटका," लोटनभाऊ मला म्हणाले. "रेडिओ वाटला मला. मार्चची गोष्ट. तेव्हापासून गुन्हेगार करून ठेवलंय मला या माणसाने."

फोनवर हितेंद्रचे प्रश्न संपेचनात. पाणी कुठलं वापरता, जाळी कधी धुतली, झोप लागते का, मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलात ते आठवतंय का. शेवटचा प्रश्न ऐकून लोटनभाऊंनी मान खाली घातली. नाना मात्र शांतपणे एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते.

फोन संपला. नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वही ओढली, आणि त्या बिननावाच्या कॉलममध्ये लिहिलं, २४.

चोवीस कसले, ते त्या वेळी मला कळलं नाही.

३

आता मी कामाला लागले. मशीनची जाळी काढली, उजेडात धरली, एक भोक फाटलेलं नाही. रबर बघितलं, चांगलं. पाणी बघितलं, जारचं. ग्राइंडरची पाती काढून बोट फिरवलं, धार जिथल्या तिथे.

मग मी माझ्या पिशवीतून कॅफेचे बीन्स काढले. दोन्हीकडे एकाच मळ्यातले येतात, हे मी फोनवरच विचारून ठेवलं होतं.

"नाना, हे घ्या. तुम्हीच करा. ग्राइंडर पाचवरच राहू द्या."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. घेऊ की नको असं. मग घेतले, दळले, दाबले, बटण.

पहिला थेंब पडायलाच आठ सेकंद लागले. मग अशी सुंदर धार, तांबूस, उंदराच्या शेपटीएवढी. सत्तावीस सेकंद. वर जाड साय.

मशीन निर्दोष. ग्राइंडर निर्दोष. लोटनभाऊ निर्दोष. आणि नानांचा हात तर शंभर टक्के निर्दोष. मला वाटलं नाना आता खूश होतील. बहात्तर वर्षांचा माणूस, पोरगा म्हणतो विसरताय, आणि इथे समोर पुरावा की काहीसुद्धा विसरलेले नाहीत.

नानांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"चांगली झालीय," ते म्हणाले. कोणी वारल्याचं सांगावं त्या आवाजात.

राहिले बीन्स. नव्या पाकिटावर भाजल्याची तारीख होती, तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे ताजे. पण मी नाक घातलं तर वासच नाही. दाताखाली धरला एक दाणा, तर कट्कन तुटला, वाळलेल्या हरभऱ्यासारखा. असं व्हायला सहा महिने लागतात, भाविका. दाण्यातला वायू उडून गेला, ओलावा उडून गेला की पूड पाण्याला अडवतच नाही. सर्रकन वाट देते.

"पहिल्या पाकिटातले उरलेत का, नाना?"

"कुंदाने डब्यात भरलेत. फडताळात बघ."

कुंदाबाई म्हणजे त्यांच्याकडे स्वयंपाक-झाडू करणाऱ्या. मी फडताळ उघडलं, स्टीलचा डबा काढला, झाकण काढलं. वर कॉफीचे दाणे. मी हात खुपसला आणि खालून काय निघालं सांग.

कडुलिंबाचा पाला. वाळलेला, मूठभर.

४

कुंदाबाई मागच्या ओट्यावर भांडी घासत होत्या. मी डबा घेऊनच समोर बसले. त्यांनी डब्याकडे बघितलं आणि पातेलं जोरात घासायला लागल्या.

"मावशी, कॉफीला कोणी हात लावला का हो?"

"मी मशीनले हात नही लावा. हितेंद्रभाऊनी सांगेल शे, मशीनले हात लावू नको. मंग मी कसाले लावसू?"

"मशीनला नाही. डब्याला?"

"डब्बा काय मशीन शे का?"

मी पाला दाखवला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि मग सगळं बाहेर आलं.

"वरीसले एकदाव मी बठ्ठं घर उनमा टाकस. गहू टाका, डाळ टाकी, मिरच्या टाक्या. मंग म्हंतं, त्या काया दानास्ले बी ऊन दखाडू. कीड पडस ना पोरी. तीन दिन दखाडं. मंग पाला टाकीसन डब्बा भरी दिधा."

तीन दिवस. गच्चीवर. मेमधलं जळगाव. माझी आईपण तेच करते गं, तुझीपण करत असेल. गव्हाला ऊन दाखवायचं, कडुलिंब घालायचा, कोठी भरायची. जगात दुसरीकडे कुठे कॉफी अशी बिघडत नसेल. यांनी मायेने सांभाळून ठेवली होती, आणि मायेनेच मारून टाकली.

"नानांना माहितेय?"

"मी नही सांगं. तू बी सांगू नको. नाना काही म्हननार नही, पन भाऊ माले काढी टाकी." मग हळूच म्हणाल्या, "मी गई ते याना घरमा कोन येस? कोनीच नही. आठे मीच शे."

झालं, मला वाटलं. सुटलं कोडं. मी उठलेपण. आणि मग आठवलं, दुसरं पाकीट. चौदा तारखेला फोडलेलं.

"मावशी, दुसरं पाकीटपण तुम्हीच उन्हात टाकलं ना?"

"कोनतं दुसरं? मी ते भडगावले व्हती. भाचीनं लगीन व्हतं. दहा दिन. कालदिन उनी."

म्हणजे कालच परतल्या होत्या. त्यांनी हात पुढे केले. तळव्यावर मेंदी होती, अजून विटलेली नव्हती.

५

हिशोब जुळवत मी गेटबाहेर आले. चौदा तारखेला कुंदाबाई नव्हत्या. घरात नाना एकटे. आणि पाकिटात पालाही नव्हता, म्हणजे हे काम दुसऱ्या कोणाचं, पद्धत मात्र तीच.

लोटनभाऊ त्यांच्या झाडाखाली खाट टाकून बसले होते. हाक मारली त्यांनी. "सापडला का गं चोर?"

"लोटनभाऊ, मागच्या आठवड्यात नानांकडे कोणी आलं होतं?"

"कोण येतं इथे? या ओळीत आता आम्ही तीन घरं. आणि मीपण पुढच्या महिन्यात धुळ्याला चाललो, पोरीकडे. मग दोन." टॉवेलने तोंड पुसलं. "खरं सांगू का, मलापण वाटतंय तो जरा हललाय. दुपारी बाराला गच्चीवर जातो. डोक्याला टोपी, हातात थाळी. एवढ्या उन्हात. मी खालून ओरडलो, भो, चक्कर येऊन पडशील. तर म्हणतो, रीडिंग घेतोय."

मी परत आत गेले. नाना खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मी चपला हातात घेऊन जिना चढले.

गच्चीच्या एका कोपऱ्यात कुंदाबाईंची जुनी साडी पसरलेली, वर विटा, मिरच्या वाळत घातलेल्या. ते एक. आणि पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, खालून दिसणार नाही अशा जागी, स्टीलची थाळी. थाळीत कॉफीचे दाणे, एकावर एक नाहीत, सगळे एका थरात, ओळीने लावल्यासारखे. वर जाळी. जाळीच्या चार कोपऱ्यांना चार पितळी नट. आणि शेजारी थर्मामीटर, पारा सेहेचाळीसवर.

विसरणारा माणूस थर्मामीटर ठेवत नाही गं.

मी तिथेच, त्या तापलेल्या गच्चीवर, फोनमधला वहीचा फोटो मोठा करून बघितला. तो शेवटचा कॉलम. पाच मेपर्यंत चार, तीन, पाच, तीन. सहा मेला सात. आठ मेला सत्तावीस. मग एकोणीस, एकतीस, बावीस. आणि आज माझ्यासमोर, फोन ठेवल्यावर, घड्याळात बघून लिहिलेले चोवीस.

मिनिटं होती ती. पोरगा किती मिनिटं बोलला.

६

खाली आले तर नाना जागे होते. माझ्या हातातल्या चपला बघितल्या त्यांनी.

"थाळी सापडली का?" त्यांनीच विचारलं.

"हो."

"बस."

मी त्या कोऱ्या गादीवर बसणार होते, मग नाही बसले. खाली बसले, फरशीवर.

"पहिल्यांदा कुंदाने टाकले," ते म्हणाले. "मला तिसऱ्या दिवशी कळलं. दाणा हातात घेतला की कळतं, तीस वर्षं तेच केलंय मी, कुठला काटा का हलला ते शोधायचं. ठरवलं, आज फोनवर सांगून टाकू, हसेल तो. पण त्या दिवशी तोच आधी काळजीत. विचारायला लागला, पप्पा, जेवता का नीट, झोपता का. आणि मग कोकिळाचं, त्याच्या आईचं, काढलं त्याने. आईला कॉफीचा वास आवडायचा ना, म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा बेटा. सत्तावीस मिनिटं बोलला. मी कसा सांगणार मधेच, की अरे, दाण्याला ऊन लागलंय फक्त?"

"आणि दुसरं पाकीट?"

"ते आलं आणि मला घाम फुटला. नवीन दाणे, म्हणजे परत अठ्ठावीस सेकंद. परत 'छान' आणि फोन बंद." बोटाने टेबलावरची नसलेली धूळ पुसत होते. "बाकी सगळं तो बघतो. ग्राइंडर बघतो, काटा बघतो. दाण्याच्या आतलं कॅमेऱ्यात दिसत नाही."

"नाना, पण तो तुम्हाला पुण्याला न्यायला निघालाय. त्याला वाटतंय तुम्ही विसरताय."

"माहितेय."

"मग आजच सांगा ना त्याला."

त्यांनी मान हलवली. "विसरतो म्हटलेलं चालेल. म्हातारपणी सगळेच विसरतात. पण बाप पोराशी बोलायला मिळावं म्हणून गच्चीवर दाणे जाळतो, हे त्याला कळायला नको. शब्द दे मला."

"घर जाईल तुमचं."

"शब्द दे, बेटा."

मी दिला. हो म्हटलं, नाना, नाही सांगणार. आणि गेटपर्यंत पोचले नाही तोच माझा फोन वाजला. जर्मनी.

७

"काय झालं?" हितेंद्र म्हणाला. "मशीन ठीक आहे का, हो की नाही?"

मी गुलमोहराच्या सावलीत उभी होते. आधी वाटलं, सरळ खोटं बोलावं, मशीन बिघडलंय. पण दुसरं मशीन आलं असतं, मग तिसरं. म्हटलं, खरं सांगू, अर्धं.

"मशीन ठीक आहे. नानांचा हातपण ठीक आहे. माझ्या बीन्सची कॉफी त्यांनी सत्तावीस सेकंदांत काढली. बीन्सना ऊन लागलं होतं, बाकी काही नाही."

"दोन्ही पाकिटांना? कोणी टाकले? कुंदाबाईंनी? मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं..."

"त्यांनी मुद्दाम नाही केलं. आणि दुसऱ्या वेळी त्या गावाला होत्या."

तो मग म्हणाला, "म्हणजे पप्पांनीच टाकले. आणि विसरले. रोज मला काटा दाखवतायत आणि आपणच बीन्स वाळत घातलेत हे लक्षात नाही. हेच म्हणतोय मी, मॅडम. उद्या गच्चीच्या जागी गॅस असेल. थँक यू. मी रूम कन्फर्म करतो."

बघ ना, माझ्या अर्ध्या खऱ्याने काय केलं. गप्प बसले असते तरी बरं होतं. आता तो फोन ठेवणार, आणि घर गेलंच.

"थांबा," मी म्हटलं. "एक फोटो पाठवते."

पाठवला. वहीचं पान. वर काही लिहिलं नाही.

तो बघत असावा. फोन चालूच होता, पलीकडे कुठेतरी ट्राम गेल्याचा आवाज आला.

"शेवटचा कॉलम कसला आहे?"

"तुमच्या फोनमधे कॉलची यादी असेल. सहा तारखेपासून लावून बघा."

मी उभी आहे. स्कूटीची सीट तापलीय. आत नाना खुर्चीत बसलेत, मला खिडकीतून त्यांचा खांदा दिसतोय. दोन मिनिटं गेली, तीन गेली. मग पलीकडून एक आवाज आला, मोठा माणूस नाक ओढतो तसा. म्हणाला, "रूम सोडून देतो." आणि फोन बंद.

मला वाटलं जिंकले मी, भाविका. खरंच. घरी जाताना रस्त्याने गाणं म्हणत होते.

हितेंद्र आला दोन जूनला. सहा दिवस राहिला आणि गेला. घर आहे तिथेच आहे, पुणं रद्द. कुंदाबाईपण आहेत. आणि तिकडे गेल्यापासून तो रोज फोन करतो, सकाळी आणि संध्याकाळी, भरपूर बोलतो. कुंदाबाईंनीच सांगितलं मला.

काल मी ताजे बीन्स घेऊन गेले. नाना गेटशी आले. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. पाकीट घेतलं, तारीख वाचली. गेट उघडलं नाही.

मी म्हटलं, "नाना, चिडलात का? घर तर वाचलं ना."

"वाचलं."

"आणि हितेंद्रदादा रोज बोलतात म्हणे."

"बोलतो," ते म्हणाले. पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तू सांगितलंस म्हणून बोलतो. नसतं सांगितलंस, तर आपणहून किती बोलला असता, ते आता मला कधीच कळणार नाही."

आत फोन वाजायला लागला. नाना लगेच नाही गेले. वाजू दिला थोडा वेळ, माझ्याकडे बघत. मग गेले. मी बाहेरच, गजाला हात लावून, ऊन डोक्यावर.

आता बोल तू. शब्द पाळला असतास का? घर गेलं असतं, पण त्यांच्या मनातलं त्यांच्याजवळ राहिलं असतं. की फोटो पाठवला असतास, माझ्यासारखा? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. तू काय केलं असतंस?